दोन नॉबचा मायक्रोवेव्ह आणि बंद उपकरणांची चालू वीज

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरात दोनच माणसं, मायक्रोवेव्ह मुख्यतः उरलेलं अन्न आणि दूध गरम करायला हवा, खर्च कमीत कमी ठेवायचा आहे. पण त्याचं घड्याळ दिवसरात्र चालू राहून वीज खातं असं कानावर आलंय, म्हणून सोबत स्मार्ट प्लग (मोबाइलवरून बंद-चालू करायचा) घ्यावा का? आणि घरातल्या बाकीच्या ‘बंद’ उपकरणांचं काय करावं?

वरवर पाहता हे तीन वेगळे प्रश्न आहेत. तुमच्या वापराला मात्र पहिल्या दोन्हींचं उत्तर एकच निघतं: सगळ्यात साधा, दोन फिरवायच्या नॉबचा, पडदा नसलेला मायक्रोवेव्ह घ्या. तो सहसा रांगेतला सर्वात स्वस्त असतो आणि वापरात नसताना वीज जवळजवळ घेतच नाही. स्मार्ट प्लगची गरजच उरत नाही. हे असं का, कोणाला हा सल्ला लागू नाही आणि घेताना कुठे फसगत होते, ते आता नीट सांगतो.

आधी हिशेब. १ वॉट वर्षभर अखंड चालला की ८.७६ युनिट होतात. एवढा एक आकडा लक्षात ठेवला की स्टँडबायचे, म्हणजे वापरात नसताना उपकरणाने घेतलेल्या विजेचे, सगळे हिशेब तोंडी करता येतात. आता ७०० वॉट आउटपुटचा साधा मायक्रोवेव्ह धरू. चालू असताना तो सॉकेटमधून साधारण १,१५० वॉट ओढतो. दिवसाला ५ मिनिटं चालला तर दिवसाचे ९६ वॉट-तास, वर्षाचे ३५ युनिट. त्याच यंत्राचा पडदा आणि कंट्रोल बोर्ड मिळून ३ वॉट घेत असतील, तर तेवढ्याचेच वर्षाला २६ युनिट. एकूण ६१ युनिटांपैकी २६ काहीही गरम न करता गेले. हाच मायक्रोवेव्ह मोठ्या कुटुंबात दिवसाला २० मिनिटं चालत असेल तर गरम करण्याचे १४० युनिट होतात, आणि त्यापुढे २६ युनिट तितके खुपत नाहीत. म्हणून ‘मायक्रोवेव्हचं घड्याळ गरम करण्यापेक्षा जास्त वीज खातं’ हे फार कमी वापराच्या घरात खरं ठरतं, सगळीकडे नाही. वापर जितका कमी, तितका स्टँडबायचा वाटा मोठा. तुमचं घर असंच कमी वापराचं आहे.

३ वॉट हा आकडा अंदाजाचा नाही. अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळेने घरगुती उपकरणांची मोजणी केली, तिच्यात दार बंद करून नुसत्या ठेवलेल्या मायक्रोवेव्हची सरासरी ३ वॉटांच्या किंचित वर होती. दार उघडं असताना तीच सुमारे २६ वॉट, कारण आतला दिवा. त्यानंतर यंत्रं सुधारली. १९९९ मध्ये आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने उपकरणांची स्टँडबाय वीज १ वॉटवर आणण्याचा आग्रह धरला. युरोपीय संघात २०१३ पासून घड्याळासारखी माहिती दाखवणाऱ्या उपकरणांना १ वॉट आणि न दाखवणाऱ्यांना अर्ध्या वॉटची मर्यादा आली. अमेरिकेत २०१६ पासून ओट्यावर ठेवायच्या मायक्रोवेव्हला १ वॉटची. तेव्हा नव्या डिजिटल मॉडेलमध्ये १ वॉट मिळू शकतो, पण जिथे अशी सक्ती नाही तिथे मॉडेल तपासूनच खात्री करावी लागते. जुनं किंवा वापरलेलं डिजिटल यंत्र घेणार असाल तर ३ वॉट धरूनच हिशेब करा.

ही वीज जाते कुठे, तेही बघू, कारण त्यावरून पुढची निवड ठरते. डिजिटल यंत्रात बोर्डाला कमी दाबाची वीज देणारा छोटा ट्रान्सफॉर्मर असतो. तो काम असो वा नसो, थोडा तापतोच. दुसरा वाटा पडद्याचा. निळसर-हिरव्या रंगात चमकणारे जुन्या धाटणीचे आकडे सर्वात खर्चिक, कारण त्या पडद्यातली बारीक तार सतत तापवून ठेवावी लागते. लाल किंवा पांढऱ्या एलईडीचे आकडे त्याहून बरे. मागे उजेड नसलेला, कॅल्क्युलेटरसारखा एलसीडी पडदा सर्वात काटकसरी. वाफ ओळखून आपोआप बंद होणाऱ्या महाग मॉडेलांत त्या सेन्सरलाही वीज लागते. काही मॉडेलांत ‘इको’ बटणाने पडदा विझवता येतो. फायदा होतो, पण फक्त पडद्याच्या वाट्याचा. ट्रान्सफॉर्मर आणि बोर्ड तसेच चालू राहतात.

दोन नॉबच्या यंत्रात यातलं काहीच नसतं. टायमरच्या आत एक छोटी मोटर, एक घंटी आणि विजेचे संपर्क. नॉब शून्यावर आला की संपर्क सुटतो, सर्किट तुटतं. पण नॉब दिसला म्हणून फसू नका, कारण पडदा असलेल्या इलेक्ट्रॉनिक मॉडेललाही दिसायला नॉब असतो. ओळखायची खूण अशी: यांत्रिक टायमरचा नॉब शेवटी अडतो, इलेक्ट्रॉनिक नॉब गोल गोल कितीही फिरतो. आणि प्लग न लावताही यांत्रिक नॉब थोडा पुढे नेऊन हलकेच शून्यावर आणला की खरी घंटी ‘टिंग’ वाजते.

या टायमरच्या सवयी मात्र समजून घ्या, नाहीतर महिनाभरात यंत्राला दोष द्याल. पहिली गोष्ट, कमी वेळेला तो अचूक नसतो. ३० सेकंद लावायचे म्हणून नॉब जरासा सरकवला तर ४५ लागतील किंवा १५. २ मिनिटांहून कमी वेळ लावायचा असेल तेव्हा नॉब आधी २ मिनिटांच्या पुढे न्यायचा आणि मग हव्या खुणेवर मागे आणायचा. त्याने आतल्या दात्यांमधली ढिलाई निघते आणि शेवटी घंटीही नीट वाजते. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. अन्न लवकर तापलं म्हणून तुम्ही मध्येच दार उघडून भांडं काढलं आणि दार लावलं, तर उरलेला वेळ संपेपर्यंत यंत्र लगेच पुन्हा सुरू होतं, तेही रिकामं. रिकाम्या मायक्रोवेव्हमध्ये लहरी शोषायला काही नसतं, त्या परत फिरून मॅग्नेट्रॉनला, म्हणजे लहरी तयार करणाऱ्या भागाला, तापवतात, आणि यंत्राचा सर्वात महाग भाग तोच. म्हणून भांडं काढलं की नॉब शून्यावर, ही सवय घरातल्या प्रत्येकाला लावा. लहान मुलं असतील तर लक्षात ठेवा, या मॉडेलला चाइल्ड लॉक नसतो. भिंतीवरचं बटण बंद ठेवणं हाच लॉक.

कोणी हे यंत्र घेऊ नये? ज्यांना १०-२० सेकंदांचा नेमकेपणा रोज लागतो (बाळाचं दूध कोमट करणं, औषधी शेकपिशवी तापवणं), त्यांना डिजिटल बरं. ज्यांना केक भाजायचा आहे त्यांना कन्व्हेक्शन हवं. त्यात स्वतंत्र हीटर आणि पंखा असतो, ओढ २,००० वॉटांच्या पुढे जाऊ शकते, आणि नुसतं गरम करायला ते घेणं पैशाचा अपव्यय आहे. इन्व्हर्टर मॉडेलचा (ताकद इलेक्ट्रॉनिक बोर्डाने कमी-जास्त करणाऱ्या मायक्रोवेव्हचा) प्रश्न अनेकांना पडतो. साध्या यंत्रात ‘मध्यम’ लावलं की मॅग्नेट्रॉन अर्ध्या ताकदीने चालत नाही. तो साधारण अर्ध्या मिनिटाच्या फेऱ्यात काही सेकंद पूर्ण ताकदीने चालतो आणि उरलेले सेकंद थांबतो. इन्व्हर्टर खरोखर कमी ताकद देतो, त्यामुळे गोठलेलं अन्न कडेला शिजून मध्ये बर्फ राहण्याचं प्रमाण घटतं. यंत्र हलकंही असतं. पण बिघडलं तर इन्व्हर्टरचा अख्खा बोर्ड बदलावा लागतो आणि पडद्याची स्टँडबाय वीज असतेच. रोज गोठलेलं अन्न वितळवत असाल तर विचार करा, नाहीतर नको.

आता ताकदीचा आकडा. खोक्यावर मोठ्या अक्षरांत जे वॉट छापलेले असतात ते कधीकधी इनपुटचे, म्हणजे यंत्र किती वीज ओढतं त्याचे असतात. अन्नाला किती मिळतात ते आउटपुट, आणि ते मागच्या धातूच्या पट्टीवर किंवा दाराच्या चौकटीवर लिहिलेलं असतं. दोन्ही आकडे शोधा आणि आउटपुटला इनपुटने भागा. ७०० भागिले १,०५० म्हणजे ६७ टक्के, छान. ७०० भागिले १,२०० म्हणजे ५८ टक्के, चालण्यासारखं. दोन माणसांना ७०० वॉट आउटपुट पुरे. ८०० मिळाले तर वेळ थोडा वाचतो, वीज नाही, कारण अन्नाला लागणारी उष्णता तेवढीच. आणि या कार्यक्षमतेच्या फरकापायी फार जास्त पैसे देऊ नका. दिवसाच्या ५ मिनिटांच्या वापरात १,०५० आणि १,२०० वॉटांतला फरक वर्षाला साडेचार युनिटांच्या आसपास पडतो. ३ वॉटांच्या पडद्याचे २६ युनिट त्याच्या पाचपट-सहापट आहेत. कमी वापराच्या घरात आधी पडदा बघायचा, मग टक्केवारी, असं मी म्हणतो ते यासाठी.

आउटपुट खरं आहे की नाही ते घरी तपासता येतं. काचेच्या किंवा मायक्रोवेव्हला चालणाऱ्या प्लॅस्टिकच्या भांड्यात मोजून १ लिटर पाणी घ्या, ढवळा, थर्मामीटरने तापमान लिहून ठेवा. पूर्ण ताकदीवर ६२ सेकंद चालवा. वरची २ सेकंदं मॅग्नेट्रॉनची तार तापायची. नॉबच्या यंत्रात टायमर २-३ मिनिटांवर लावून मोबाइलच्या घड्याळावर ६२ सेकंद झाले की दार उघडा, आणि नॉब शून्यावर. पुन्हा ढवळून तापमान घ्या. जितके अंश वाढले त्याला ७० ने गुणा, तेवढे वॉट. १ लिटर पाणी १ अंशाने तापायला सुमारे ४,१९० जूल लागतात, त्याला ६० सेकंदांनी भागलं की ७०. ९ अंश वाढ झाली तर ६३० वॉट, आणि भांडंही थोडी उष्णता खातं हे धरलं तर ७०० वॉटांच्या यंत्राला ते ठीक आहे. ६-७ अंशांवरच अडलं तर दोन शक्यता: मॅग्नेट्रॉन थकला आहे, किंवा त्या वेळी घरात व्होल्टेज कमी आहे. साध्या ट्रान्सफॉर्मरच्या यंत्राची ताकद व्होल्टेजबरोबर चांगलीच घसरते. म्हणून चाचणी दुसऱ्या वेळी पुन्हा करा आणि मगच निष्कर्ष काढा. ढवळणं मात्र दोन्ही वेळा सोडू नका, वरचं पाणी आणि तळाचं पाणी यांत अनेक अंशांचा फरक असतो.

आकाराबद्दल फार लिहीत नाही. १७ ते २० लिटर पुरतं. लिटरपेक्षा काचेच्या फिरत्या प्लेटचा व्यास बघा, साधारण २४ ते २७ सेंटिमीटर असतो. घरातलं रोजचं सर्वात मोठं भांडं मोजून घेऊन जा. कोपरे असलेलं भांडं असेल तर त्याचा कर्ण मोजा, कारण फिरताना कोपराच आतल्या भिंतीला घासतो. हवा खेळायला माहितीपुस्तिकेत सांगितलेली जागा मागे, बाजूला आणि वर ठेवा, आणि वरच्या जाळीवर कापड पसरू नका. अर्थिंग असलेला तीन पिनांचा सॉकेट हवा. २३० व्होल्टवर १,२०० वॉट म्हणजे सव्वापाच अँपिअर होतात, पण त्याच एक्स्टेंशन बोर्डवर २,००० वॉटांची किटली लावली की एकूण १४ अँपिअरच्या घरात जातं. बारीक वायरचा बोर्ड तेवढ्याने वितळू शकतो. मायक्रोवेव्ह थेट भिंतीच्या सॉकेटवरच.

वापरलेलं यंत्र स्वस्तात मिळत असेल तर हरकत नाही, पण दारापासून तपासायला सुरुवात करा. बिजागरी ढिली, दार खाली आलेलं, काच तडकलेली, कडेची पट्टी वाकलेली, यातलं एकही दिसलं तर सोडून द्या. नियमांनुसार यंत्रापासून ५ सेंटिमीटरवर गळतीची मर्यादा दर चौरस सेंटिमीटरला ५ मिलिवॉट असते. चांगल्या दारातून प्रत्यक्षात त्याहून खूप कमी येते, पण वाकलेल्या दाराचा भरवसा नाही. मग आतून टॉर्च मारून बघा. उजव्या भिंतीवर बहुधा एक तपकिरी, पुठ्ठ्यासारखा अभ्रकाचा तुकडा असतो. त्याच्यावर तेलकट थर साचून काळा डाग पडला असेल तर ठिणग्या उडतात. तो तुकडा स्वस्तात मिळतो आणि मापाने कापून बसवता येतो, त्यामुळे तेवढ्यासाठी यंत्र नाकारू नका. पण आतल्या पत्र्याचा रंग उडून गंज आरपार गेला असेल तर नाकारा. दार लावताच फ्यूज उडत असेल तर दोष बहुतेकदा दारातल्या छोट्या स्विचांचा असतो. ते तीन असतात, आणि तिसरा मुद्दामच असा जोडलेला असतो की बाकीचे अडकले तर फ्यूज उडावा. तो फ्यूज जाड तारेने जोडून देणाऱ्याकडून यंत्र घेऊ नका.

आणि कळकळीने सांगतो, मायक्रोवेव्हचं बाहेरचं पत्र्याचं आवरण घरी उघडू नका. आतला कपॅसिटर २,००० व्होल्टांच्या पुढे भरलेला असतो आणि प्लग काढल्यावरही तो भरलेला राहू शकतो. त्याला रिकामा करणारा रोध (रेझिस्टर) आत असतो, पण तोच तुटलेला असेल तर बाहेरून काहीच कळत नाही. घरगुती उपकरणांमध्ये इतकं जीवघेणं क्वचितच काही असतं. आतली स्वच्छता दार उघडून ओल्या फडक्याने करा. पुढचं सगळं शिकलेल्या माणसाचं काम.

समजा डिजिटलच घेतलं, किंवा घरात आधीपासून आहे. तरी स्मार्ट प्लग नको. तो स्वतः वायफायशी जोडलेला राहण्यासाठी अर्धा ते १ वॉट घेतो. ३ वॉट वाचवायला १ वॉट खर्च, हाती उरतात २. आणि यंत्र नवीन, १ वॉटचं असेल तर हाती जवळजवळ काहीच उरत नाही. शिवाय मायक्रोवेव्हसारखा भार पेलण्याची त्याची क्षमता वेगळी तपासावी लागते. भिंतीवरचं बटण हे सगळ्यात चांगलं साधन आहे: वीज शून्य, खर्च शून्य. सॉकेट मागे दडलेला असेल तर इलेक्ट्रिशियनकडून ओट्याच्या वर बटण काढून घ्या.

बटण वापरताना दोन पथ्यं. यंत्र चालू असताना भिंतीवरून बंद करू नका. ट्रान्सफॉर्मरचा भार तुटताना बटणाच्या आत ठिणगी पडते आणि संपर्क जळत जातात. आधी यंत्र थांबवा, मग बटण. दुसरं, काही मॉडेलांचा, विशेषतः कन्व्हेक्शनचा पंखा काम संपल्यावर काही मिनिटं चालतो. तो थांबल्यावरच बटण बंद करा, नाहीतर आतली उष्णता बोर्डावर जाते. वीज तोडल्यावर घड्याळ पुसलं जाईल, ते जाऊ द्या. फक्त घेण्याआधी एवढं बघा की घड्याळ न लावता यंत्र सुरू होतं का. बहुतेक होतात, काही मॉडेलांत आधी ‘स्टॉप’ एकदा दाबावं लागतं. आणि आतली ओल जावी म्हणून दार किलकिलं ठेवण्याची सवय असेल तर आधी बटण बंद करा. अनेक यंत्रांत दार उघडं असेपर्यंत दिवा जळतो. २५ वॉट रोज ८ तास जळला तर वर्षाला ७३ युनिट, तुमच्या गरम करण्याच्या दुप्पट.

आता घरातली बाकीची उपकरणं. इथे लोक एक चूक हमखास करतात: जे डोळ्यांना दिसतं त्याच्या मागे लागतात. मोबाइलचा रिकामा चार्जर सॉकेटमध्ये राहिला म्हणून घरात वाद होतात, पण चांगला आधुनिक चार्जर रिकामा असताना ०.१ वॉटाच्या आसपास घेतो, वर्षाला १ युनिटही नाही. त्याच खोलीत ‘बंद’ असलेला सेट-टॉप बॉक्स १० ते १५ वॉट घेत बसलेला असतो, वर्षाला ९० ते १३० युनिट. त्याचा लाल दिवा म्हणजे पडदा विझला, यंत्र नाही. म्हणून आधी मोजा.

मोजायला वेगळं यंत्र नसलं तरी चालतं. विजेच्या इलेक्ट्रॉनिक मीटरवर लुकलुकणारा छोटा दिवा असतो आणि त्याच्याजवळ एका युनिटला किती लुकलुक, ते लिहिलेलं असतं: १,०००, १,६००, ३,२०० असं काही. रात्री फ्रिज प्लगवरून बंद करा (दार उघडू नका, आणि अर्ध्या तासाने चालू करायचा म्हणून मोबाइलवर गजर लावा), दिवे आणि पंखे बंद करा. बाकी सगळं नेहमी जसं ‘बंद’ असतं तसंच ठेवा. आता एका लुकलुकीपासून पुढच्या लुकलुकीपर्यंतचे सेकंद मोजा. पाच अंतरं मोजून सरासरी काढलीत तर उत्तम. ३६,००,००० ला मीटरवरच्या आकड्याने आणि मग त्या सेकंदांनी भागा, आलेलं उत्तर वॉटमध्ये. ३,२०० चा मीटर आणि ४५ सेकंदांचं अंतर असेल तर २५ वॉट, वर्षाला २१९ युनिट. मग एकेक प्लग काढत पुन्हा मोजा, चोर सापडतो. दिवा न लुकलुकता स्थिर राहिला तर भार इतका कमी आहे की मीटर तो नोंदवतच नाही. अशा वेळी ४०-६० वॉटांचा साधा बल्ब लावून मोजा, मग इतर प्लग काढून नुसत्या बल्बाचं मोजा, आणि वजाबाकी करा.

सॉकेटमध्ये लावायचं छोटं वॉटमीटर असेल तर काम सोपं होतं, पण १-२ वॉटांखाली स्वस्त मीटरचा आकडा बेभरवशाचा असतो. एकाऐवजी तीन-चार उपकरणं एका बोर्डवर लावून एकत्र मोजा, किंवा मीटर पूर्ण दिवस लावून ठेवून जमलेले वॉट-तास २४ ने भागा. वायरभोवती अडकवायच्या क्लॅम्प मीटरने अँपिअर मोजून व्होल्टने गुणू नका. अनेक छोट्या पॉवर सप्लायमध्ये करंट आणि व्होल्टेज एका ठेक्यात नसतात. ०.०५ अँपिअर गुणिले २३० व्होल्ट म्हणजे साडेअकरा दिसतात, प्रत्यक्ष वीज दीड वॉट असू शकते. बहुतेक घरगुती बिलांत धरले जातात ते प्रत्यक्ष वॉट.

बहुतेक घरांत मोठा वाटा टीव्हीच्या कोपऱ्यात सापडतो: सेट-टॉप बॉक्स, स्पीकरचा अँप्लिफायर, ‘झटपट सुरू’ अवस्थेत ठेवलेला गेम कन्सोल. हे सगळं एका बटणाच्या एक्स्टेंशन बोर्डवर आणा आणि झोपताना एकच बटण बंद करा. रेकॉर्डिंग लावलेलं असेल त्या रात्री सोडून द्या. कन्सोलच्या आणि टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘क्विक स्टार्ट’ बंद केलं तर बटणाविनाही बरीच वीज वाचते, आणि हे एकदाच करायचं काम आहे. राउटर ५ ते १० वॉट घेतो, पण तो वापरात असतो. रात्री कोणालाच लागत नसेल तरच बंद करा. जुने, हाताला जड लागणारे चौकोनी अडॅप्टर काहीही न जोडता गरम लागत असतील तर आत लोखंडी गाभ्याचा ट्रान्सफॉर्मर आहे. ते खरोखर काढून ठेवण्यासारखे. हात लावून गरम लागलं की तिथे वीज जातेय, ही चाचणी साधी असली तरी फसवत नाही.

काही उपकरणांची वीज थेट तोडू नये. इंकजेट प्रिंटर आधी त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद करा, म्हणजे शाईचं टोक झाकणाखाली जाऊन बसतं. तसंच उघडं राहिलं तर शाई वाळते आणि पुढच्या वेळी सफाईत महाग शाई वाया जाते. ओएलईडी टीव्ही बंद केल्यावर काही वेळ पडद्याची आतली देखभाल करतो, त्यामुळे त्याचा प्लग रोज लगेच काढू नका. त्याच्या कोपऱ्यातला बॉक्स आणि स्पीकर वेगळ्या बोर्डवर ठेवा. एसी ज्या महिन्यांत लागत नाही तेव्हा त्याचा एमसीबी (वीज तोडणारा खटका) खाली करा. काही मॉडेलांत कॉम्प्रेसरचं तेल उबदार ठेवणारा हीटर असतो आणि तो कोणाला न कळता हंगामभर चालतो. मात्र मोसम सुरू होताना आधी एमसीबी वर करून १२ तास जाऊ द्या, मग एसी लावा. थंड तेलात गॅस मिसळलेला असताना कॉम्प्रेसर सुरू झाला तर त्याच्या बेअरिंगला वंगण पुरत नाही.